घराच्या उत्तरेची सावलीतली भिंत: कोणते वेल लावावेत, कोणते नकोत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला जुना बंगला आहे. घराच्या उत्तरेला, घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये साडेचार फुटांची मातीची पट्टी आहे. कंपाउंड सहा फूट उंच, पस्तीस फूट लांब, सिमेंटचा गिलावा केलेलं. तिथे कायम गारवा असतो आणि पावसाळ्यात भिंत शेवाळाने हिरवी होते. बोगनवेल आणि जाई लावून झाली, दोन्ही उंच वाढल्या, पण फूल आलं नाही. इंटरनेटवर सावलीच्या भिंतींसाठी आयव्ही, क्लाइंबिंग हायड्रेंजिया, व्हर्जिनिया क्रीपर अशी नावं सापडली. ती इथे चालतील का, आणि नसतील तर काय लावायचं?

ती यादी आधी बाजूला ठेवू या. ती इंग्लंडातल्या बागांची आहे आणि तिथे अगदी बरोबर आहे. लंडनमध्ये डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. उत्तरेकडच्या भिंतीला कित्येक महिने ऊन दिसत नाही आणि वर कडाक्याची थंडी. त्यामुळे थंडी सोसणारी झाडं निवडणं हे तिथल्या माळ्याचं पहिलं काम. तुमचे कोणी नातेवाईक तिकडे राहत असतील तर त्यांना ती यादी जरूर पाठवा. पुण्यात त्याच दिवशी दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो आणि थंडीने मरावं असं काही आपण लावतच नाही. आपल्याकडे अशा जागी झाड मरतं ते दोन कारणांनी: मे महिन्यातलं अचानक आलेलं ऊन आणि पावसाळ्यात मुळांशी साचलेलं पाणी. माझा सगळा सल्ला या दोन गोष्टींवर उभा आहे.

उत्तरेची बाजू म्हणजे बारा महिने सावली, असं धरून लोक नर्सरीतून नाजूक नेचे आणि कॅलेथिया आणतात आणि एप्रिल-मेमध्ये पानं करपली की पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाणी घालतात. पुणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपल्याकडे शून्य सावलीचे दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो ते दिवस, वर्षातून दोनदा येतात, साधारण १४ मे आणि जुलैचे शेवटचे दोन-तीन दिवस. या दोन तारखांच्या मधल्या अडीच महिन्यांत सूर्य पुण्याच्या उत्तरेकडून जातो, तोही सकाळपासून संध्याकाळपर्यंत. म्हणजे जी भिंत डिसेंबरात ऊन बघत नाही, तीच जूनमध्ये दिवसभर तिरप्या उन्हात असते. जूनच्या मध्यापासून ढग येतात म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही. पण १४ मे ते पहिला पाऊस हे तीन-चार आठवडे फार कडक जातात. कोल्हापुरात ही तारीख थोडी आधी येते, नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात.

आता तुमच्या पट्टीत उभं राहून बघा. तिथे भिंती दोन आहेत आणि दोघींचा स्वभाव वेगळा आहे. घराची भिंत उत्तरेकडे तोंड करून आहे. कंपाउंडची आतली बाजू मात्र दक्षिणेकडे बघते, तिला सावली मिळते ती घराची. दुमजली घराची उंची बावीस फूट धरली, तर डिसेंबरात दुपारी घराची सावली वीसेक फूट लांब पडते, म्हणजे तुमचं कंपाउंड ओलांडून शेजाऱ्यांच्या अंगणात जाते. मार्चच्या शेवटी कंपाउंडच्या माथ्यावर दुपारचं ऊन पहिल्यांदा उतरतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते थेट पट्टीच्या मातीवर येतं. तिथून मेच्या मध्यापर्यंत रोज दुपारी काही वेळ डोक्यावरचं कडक ऊन, तेही पुण्याचा पारा चाळिशीला टेकलेला असताना. मेच्या मध्यानंतर ऊन बाजू बदलतं आणि घराच्या भिंतीवर जातं, कंपाउंडची आतली बाजू पुन्हा सावलीत येते. म्हणून कंपाउंडवरचा वेल एप्रिल-मेचा चटका सोसणारा हवा, आणि घराच्या भिंतीशी ठेवलेल्या कुंड्या मेच्या मध्यावर हलवता आल्या पाहिजेत. शेजारी उंच इमारत किंवा आंब्याचं झाड असेल तर हे गणित बदलेल, तेव्हा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

बघण्याची रीत सोपी आहे. दुपारी बाराच्या सुमाराला एक पांढरा कागद जमिनीवर ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा ठळक असतील तर ते ऊन. हाताचा आकार कळतो पण कडा धूसर आहेत, तर ती उजेडाची सावली. तिथे पानांची झाडं उत्तम होतात आणि काही वेल फुलतातही. कागदावर सावलीच उमटत नसेल तर जागा अंधारी समजा. पस्तीस फुटांच्या पट्टीत या तिन्ही जागा सापडतील. पट्टीची पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची टोकं उघडी असतात, मधला भाग काळोखा असतो. सगळीकडे एकच वेल लावायचा आग्रह धरला की निम्मी भिंत उघडी राहते, ती यामुळेच.

पाण्याचंही तसंच. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे घर पट्टीच्या आड उभं असतं. छज्जाच्या खालची फूट-दीड फूट माती भर जुलैतही कोरडी सापडते, आणि तिच्या लगत पागोळ्या पडतात तिथे खड्डा होऊन माती उडते. त्यात गच्चीचा पाइप बहुतेक घरांत याच पट्टीत सोडलेला असतो. एका टोकाला डबकं आणि दुसऱ्या टोकाला वाळवंट. झाडं आणण्याआधी पाइपचं पाणी नीट वाट करून चेंबरपर्यंत न्या. धुण्याचं साबणाचं पाणी तिथे जात असेल तर तेही बंद करा. एसीचं आउटडोअर युनिट पट्टीकडे तोंड करून असेल तर त्याच्यासमोर चार-पाच फुटांत काही लावू नका, त्या गरम वाऱ्यापुढे सावलीचं एकही झाड टिकत नाही. ड्रेनेजच्या चेंबरवर तर काहीच नको. प्लंबर कधीतरी येणारच आणि तो झाड बघून पाय टाकणार नाही.

माती खणून बघा. जुन्या बंगल्यांच्या अशा पट्ट्यांत वरची चार बोटं माती आणि खाली बांधकामाचा राडारोडा निघतो: विटांचे तुकडे, सिमेंट, चुना. मोठे तुकडे काढा, दीड फूट खोल तरी मोकळं करा. पुण्याची चिकण काळी माती सावलीत लवकर वाळत नाही, तिच्यात मुळं कुजतात. दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कुजलेला पालापाचोळा आणि भाताचं तूस असं मिश्रण करा, मूठ-मूठ निंबोळी पेंड घाला. कोकोपीट सावलीच्या जागी फार घालू नका, ते पाणी धरून ठेवतं. आणि वेल भिंतीला चिकटून लावू नका. पायथ्यापासून फूटभर अंतर सोडून खड्डा घ्या आणि रोप भिंतीकडे कललेलं लावा. अगदी पायाशी माती चुनखडीची आणि कोरडी असते.

घराच्या भिंतीवर वेल चढवू का, असंही तुम्ही विचारलं आहे. चिकटून चढणारा वेल घराच्या भिंतीवर मी लावू देत नाही. ओल बाहेरून दिसत नाही, खिडकीच्या चौकटीत फांदी शिरते, मुंग्या आणि पाली घरात येतात आणि पुढच्या रंगकामाच्या वेळी सगळं ओरबाडून काढावं लागतं. मुळांचे तपकिरी ठसे प्लास्टरवर राहतात ते निघतच नाहीत. घराच्या बाजूला हिरवळ हवीच असेल तर भिंतीपासून चार इंच सोडून वेल्डमेशची जाळी उभी करा, तिच्यावर पिळत चढणारा वेल घ्या आणि जाळी उतरवता येईल अशी बसवा. कंपाउंडवर मात्र खुशाल चिकटणारा वेल लावा.

तिथे माझी पहिली पसंती फायकस पुमिला. नर्सरीत क्रीपिंग फिग किंवा वॉल क्रीपर म्हणून मागा. बोटाच्या पेराएवढी हृदयाच्या आकाराची पानं, भिंतीला चपटी चिकटून वाढतात. काळोख सोसतो, एप्रिलचा चटका सोसतो, पुण्याचा हिवाळा सोसतो. पहिलं वर्ष तो जवळजवळ काहीच करत नाही आणि लोक कंटाळून उपटतात. दुसऱ्या पावसाळ्यापासून मात्र पसरायला लागला की थांबत नाही.

त्याला सुरुवात कशी करून द्यायची हे नर्सरीवाले सांगत नाहीत. पिशवीतल्या रोपाला हातभर लोंबणाऱ्या फांद्या असतात आणि आपण त्या सुतळीने भिंतीला बांधतो. त्या फांद्या कधीच चिकटत नाहीत. एकदा हवेत वाढलेलं खोड नंतर भिंत धरत नाही, चिकटतं ते फक्त भिंतीला लागून नव्याने फुटलेलं कोंब. म्हणून लावल्यावर सगळ्या फांद्या वीतभर ठेवून छाटा. पांढरा चीक येईल, हाताला लागू देऊ नका. मग तळातून जे नवे, तांबूस पानांचे कोंब फुटतील त्यांच्या मागे बघा: पेरापेराशी बारीक केसांसारखी मुळं दिसतील. त्या वेळी भिंत ओलसर असली की ती धरतात. दोन महिने रोज संध्याकाळी रोपाबरोबर भिंतीवरही पाण्याचा हलका फवारा मारा. भिंतीला गुळगुळीत अ‍ॅक्रिलिक रंग असेल तर तारेच्या ब्रशने घासून खरबरीत करा, शेवाळाचा थरही काढा. थरावर धरलेला वेल थरासकट खाली येतो.

याच वेलाबद्दल दोन इशारे. भिंतीच्या माथ्यावर पोचला की त्याचं रूप पालटतं. जाड, आडव्या फांद्या फुटतात, पानं चौपट मोठी होतात, हिरवी अंजिरासारखी फळं धरतात. त्या फांद्या भिंतीपासून लांब झुकतात आणि वजनाने सगळा वेल सोलून खाली आणतात. वर्षातून तीनदा माथा छाटा, पावसाळ्याच्या आधी एकदा नक्की. दुसरं, गिलाव्याला भेगा असतील किंवा भिंत जुन्या दगड-चुन्याची असेल तर तो लावू नका, भेगेत शिरलेलं खोड जाड होतं आणि भिंत उकलते. तुमचा गिलावा धड असेल तर भीती नाही. शिवाय शेजाऱ्यांना विचारून लावा, कारण माथा ओलांडून तो त्यांच्याकडे जाणारच.

दुसरा वेल मी सुचवते तो मिरीचा. कोकणातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, तिथे प्रत्येक वाडीत सुपारीवर आणि आंब्यावर मिरवेल असतो. पण पुण्यातले लोक तो भिंतीसाठी विचारात घेत नाहीत, आणि मला ते खटकतं. गडद हिरवी, जाड, शिरा उठून दिसणारी पानं बारा महिने असतात. पेराशी मुळं फुटून तो खडबडीत भिंत धरतो, सुरुवातीला काथ्याची जाळी दिली तर आणखी चांगलं. जात बघून घ्या. बाजारात सगळीकडे पन्नियूर-१ मिळते, ती उत्पन्नाला भरपूर पण दाट सावलीत रुसते. सावलीसाठी करिमुंडा मागा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा कोकणातल्या एखाद्या चांगल्या रोपवाटिकेत चौकशी करा.

रोप घरीही करता येतं. जुन्या वेलाच्या बुडाशी जमिनीवर सरपटणाऱ्या फांद्या असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून पिशवीत लावा, खालची पेरं मातीत गेली पाहिजेत. सावलीत ओलसर ठेवले की पावसाळ्यापर्यंत तयार होतात. या सरपट्या फांद्यांना मिरी लागत नाही. वेल वर चढला की खोडाला ज्या आडव्या फांद्या फुटतात त्यांनाच पहिल्या पावसानंतर तुरे येतात आणि घोस हिवाळ्यात पिकतात. सावलीत आणि पुण्याच्या कोरड्या हवेत उत्पन्नाची आशा धरू नका, हा पानांचा वेल समजून लावा. पूर्वेच्या टोकाला, जिथे सकाळचा उजेड येतो, तिथे स्वयंपाकापुरती मिरी मिळाली तर आनंदच आहे. याचा शत्रू एकच: बुडाशी साचलेलं पाणी. जुलै-ऑगस्टमध्ये पानं एकाएकी काळपट पडून वेल आठवड्यात बसला तर ती मूळकुज. बुंधा उंचवट्यावर ठेवा आणि पाऊस सुरू होताना एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) बुंध्याशी ओता.

याच कुळातली नागवेल, म्हणजे विड्याच्या पानाची, तुमच्या पट्टीत छान येईल. सातारा-सांगलीकडच्या पानमळ्यात ती शेवरी आणि हादग्याच्या सावलीतच वाढवतात. गारवा, ओलावा आणि वाऱ्यापासून आडोसा हे तिला हवं असतं ते सगळं तुमच्याकडे आहे. फक्त उन्हाळ्यात तिची माती एक दिवसही पूर्ण सुकू देऊ नका.

फुलांचा वेल हवा असेल तर उघड्या पूर्वेच्या टोकाला जाळीवर क्लेरोडेंड्रम थॉमसोनी लावा. पांढऱ्या कंदिलांसारख्या पुष्पकोशातून लाल फूल बाहेर येतं, आणि लाल फूल गळालं तरी पांढरे कोश पुष्कळ दिवस राहतात. थेट ऊन दोन-तीन तास मिळालं तरी तो फुलतो, आणि सात-आठ फुटांच्या पुढे सहसा पसरत नाही, त्यामुळे सहा फुटांच्या भिंतीला माफक आहे. बहर संपला की छाटायचा. याहून मोठी, पिवळ्या-तपकिरी माळा लोंबणारी थनबर्जिया मायसोरेन्सिस आपल्याच दक्षिणेकडच्या पश्चिम घाटातली आहे आणि मला अतिशय आवडते, पण तिला खाली लोंबायला मांडव लागतो. साडेचार फुटांच्या वाटेत तो करू नका.

मधुमालती, कृष्णकमळ, गोकर्ण, जाई, जुई, बोगनवेल हे सगळे उन्हाचे वेल. सावलीत ते मरत नाहीत, त्यामुळे फसगत होते. मधुमालती तर उजेड शोधत दुसऱ्या मजल्यावर जाते आणि तिथे फुलते, खाली तुमच्या वाट्याला नुसती काटक्यांची जुडी. तुमची जाई उपटून टाकू नका. ऑगस्टमध्ये तिच्या खालच्या फांद्या मातीत दाबून मुळं फुटू द्या आणि ती रोपं घराच्या पूर्वेला किंवा दक्षिणेला न्या. जाईला पाच-सहा तास ऊन मिळालं की ती भरभरून फुलेल.

मनीप्लांटबद्दल विचारलं नाहीत, पण माळी तोच सुचवेल म्हणून सांगते. कुंडीतून खाली लोंबतो तेव्हा त्याची पानं तळहाताएवढी राहतात. तोच वेल भिंत किंवा झाड धरून वर चढला की पान सुपाएवढं होतं, फाटतं, आणि खोड मनगटासारखं जाड होतं. काळोखात पिवळे पट्टे जाऊन तो नुसता हिरवा राहतो. कंपाउंडवर त्याचा भार फार होतो. लावायचाच तर मोठ्या कुंडीत काथ्याचा खांब रोवून त्याच्यावर चढवा आणि हाताबाहेर जाऊ देऊ नका. छाटलेले तुकडे ओढ्याकाठी किंवा टेकडीवर टाकू नका. प्रत्येक पेर रुजतं. घाणेरीसुद्धा एकेकाळी शोभेचं झुडूप म्हणूनच आपल्या देशात आणली होती, आणि आज टेकड्यांवर काय अवस्था आहे ते आपण बघतोच. शिवाय मनीप्लांट, सिंगोनियम, मॉन्स्टेरा, डिफेनबाखिया, पीस लिली या सगळ्यांच्या रसात अळूसारखेच खाज आणणारे स्फटिक असतात. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारं कुत्र्याचं पिल्लू असेल तर हे हाताच्या अंतरावर नकोत.

मधल्या काळोख्या भागात वेलाचा हट्ट सोडा. तिथे कंपाउंडला पांढरा चुना मारा. पांढरी भिंत समोरच्या झाडांवर उजेड परत फेकते आणि फरक पहिल्याच महिन्यात नव्या पानांच्या आकारात दिसतो. तिच्यापुढे उंच पानांची झाडं ठेवा. रापिस पाम, ज्याला लेडी पाम म्हणतात, तो हळू वाढतो, महाग मिळतो आणि तरीही तोच घ्या. अरेका पाम स्वस्त आहे पण तीन वर्षांत वाट अडवतो. खाली अ‍ॅस्पिडिस्ट्रा आणि स्नेक प्लांट. दोन्हींना दुर्लक्ष मानवतं.

पायथ्याला नेचे हवेत. नाजूक प्रकारांच्या मागे न लागता नेफ्रोलेपिसचा साधा, ताठ पानांचा प्रकार घ्या, तो एप्रिलचं ऊन लागलं तरी तळातून पुन्हा फुटतो. हंसराज विकत आणू नका. भिंतीवर ओल आणि सावली असेल तर त्याचे सूक्ष्म बीजाणू वाऱ्याबरोबर येतात आणि तो आपोआप उगवतो, काळ्या चकचकीत तारेसारखे देठ आणि पंख्यासारखी पानं. चुन्याच्या सांध्यांत लांब शिडीसारख्या पानांचा टेरिस नेचाही असाच येतो. ते राहू द्या. त्याच भेगांत पिंपळ, वड किंवा उंबराचं रोप दिसलं तर मात्र त्याच दिवशी काढा. पावसाळ्यात दोन पानांवर असताना ते चिमटीने मुळासकट निघतं, पुढच्या वर्षी पहार लागते.

पाइपच्या ओलसर टोकाला सोनटक्का लावा. पावसाळ्यात संध्याकाळी तो उमलला की वाट ओलांडून स्वयंपाकघरात वास येतो. फुलून गेलेला दांडा बुडातून कापायचा. त्याच्या पुढे भाजीचं अळू, आणि थोड्या उजेडात हळद. हळद मे-जूनमध्ये लावली की नागपंचमीला आणि गणपतीत पातोळ्यांना ताजी पानं मिळतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत कंद. अबोली याच उजेडाच्या जागी, पट्टीच्या टोकाला, बारीकसारीक फुलत राहते. कोकणात आणि गोव्यात ती प्रत्येक परसात असते, पुण्यात का विसरली गेली कळत नाही.

लावायची वेळ: पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैभर. कोकणात किंवा महाबळेश्वरकडे, जिथे पाऊस कोसळतो, तिथे मांसल मुळांची झाडं ऑगस्टच्या शेवटी लावलेली बरी. तिकडच्या वाचकांसाठी एवढंच, की जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंतीला गिलावा करू नका. चिरा पाणी पितो आणि पावसाळ्यात नेचे, शेवाळ, तेरडा स्वतःच तिथे येतात. महाबळेश्वर-पाचगणीला, सुमारे १,३०० मीटर उंचीवर, उन्हाळा सौम्य असल्याने आयव्ही, साधं हायड्रेंजिया आणि फ्यूशिया सावलीच्या भिंतीशी खरोखरच छान होतात. आयव्ही पुण्यात हिवाळ्यात सुंदर दिसते आणि मेमध्ये लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड लागून झडते.

पाणी घालताना मातीत बोट दोन इंच घालून बघा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही, वरची माती कितीही सुकी दिसो. पावसाळ्यात छज्जाखालच्या कोरड्या पट्ट्याला मात्र पाणी द्यावं लागतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पट्टीवर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा आणि पाऊस सुरू झाला की सोडा. कंपाउंडला आणि घराच्या बाजूला दोन-दोन हुक कायमचे बसवून ठेवले की हे काम पंधरा मिनिटांचं. कुंड्यांखाली बशा ठेवू नका, सावलीत त्यांतलं पाणी सुकत नाही आणि डासांची पैदास होते. खत कमीच: सावलीत झाड हळू वाढतं, त्यामुळे जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये ओंजळभर गांडूळखत पुरे.

गोगलगायींची तयारी आधीच करा. अशा गार, ओल्या पट्टीत पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकन गोगलगायी हमखास येतात आणि कोवळी मिरी, अळू, पीस लिली एका रात्रीत चाळण करतात. संध्याकाळी ओलं गोणपाट पट्टीत अंथरा, त्याखाली पपईची किंवा कोबीची पानं ठेवा. सकाळी गोणपाट उचला, हातमोजे घालून सगळ्या वेचा आणि दाट मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ मातीवर टाकू नका, झाडंही मरतात. जुलैत रोज वेचल्या तर ऑगस्टमध्ये संख्या उतरते. फुटक्या कुंड्या आणि विटांचे ढीग तिथून हलवा, दिवसा त्या तिथेच लपतात आणि मऊ मातीत वाटाण्याहून लहान पिवळसर अंड्यांचे पुंजके घालतात. ते सापडले की चिरडून टाका.